कारखाना गेला, मग मी सांभाळते काय?

मुलुंडहून एका बाईंचं पत्र आलं आहे. वय ४४, मिक्सर विकणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत १९ वर्षं नोकरी, सध्या सप्लाय चेन मॅनेजर. दोन वर्षांपूर्वी कंपनीने वागळे इस्टेटमधला कारखाना बंद केला. आता प्लास्टिकची बॉडी वसईचा एक वेंडर बनवून देतो, मोटर बसवून जुळणी सिल्वासाला होते आणि गोडाऊन व वाहतूक भिवंडीच्या एका लॉजिस्टिक्सवाल्याकडे आहे. हाताखाली १४ माणसं होती, आता ३ आहेत. फायनान्सचे नवे साहेब परवा बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, "सगळं बाहेरून होतं, मग हे खातं काय फोन करायला ठेवलंय?" त्याच महिन्यात वसईच्या वेंडरने विचारलं, आमच्याकडे प्लांट हेड म्हणून येता का, पगार पाव पट जास्त देऊ. मुलगी बारावीत, घराचे हप्ते आणखी सहा वर्षं. बाई विचारतात, "माझं काम इथे उरलंय का? की वेळेवर बाहेर पडलेलं बरं?"

साहेबांचं बोलणं झोंबणारं आहे आणि ते चारचौघांत व्हायला नको होतं. पण तुमच्याच पत्रातलं एक वाक्य बघा: "सकाळी नऊ ते रात्री आठ, माल कधी निघणार आणि गाडी कुठे आली, एवढंच विचारत असते." तुमचं सगळं काम खरोखर एवढंच असेल तर साहेब फारसे चुकलेले नाहीत. गाडी कुठे आहे ते जीपीएसवर दिसतं. माल कधी निघणार ते वेंडरचा डिस्पॅचवाला मुलगा रोज संध्याकाळी एका शीटमध्ये भरू शकतो. त्याला १९ वर्षांचा अनुभव लागत नाही.

मात्र पत्राच्या शेवटाकडे, तक्रारीच्या ओघात, तुम्ही आणखी एक गोष्ट लिहिली आहे: "हल्ली तर वसईलाही धावावं लागतं. जूनमध्ये बॉडीला स्क्रूपाशी तडे दिसले म्हणून गेले, वितळवून परत वापरलेलं प्लास्टिक जास्त घालत होते, दोन हजार पीस अडवले, घरी यायला बारा वाजले." दीड ओळीत उरकलंत. मला विचाराल तर तुमची नोकरी त्या दीड ओळीत आहे, बाकीचं पत्र फोनचं बिल आहे.

त्या रात्री काय झालं ते जरा सावकाश बघू, कारण असे वेंडर अनेक वाचकांकडे असतील. मोल्डिंगमध्ये, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक मोल्डमध्ये (साच्यात) दाबून भरताना, प्रत्येक शॉटबरोबर (एका भरणीबरोबर) बॉडीला जोडलेली प्लास्टिकची दांडी निघते, तिला रनर म्हणतात. मशीनशेजारीच छोटा ग्राइंडर असतो, त्यात रनर आणि बाद पीस दळून तो चुरा नव्या दाण्यात मिसळतात. ठरवून दिलेल्या प्रमाणात मिसळला तर त्यात गैर काही नाही, सगळेच करतात. पण एबीएस प्लास्टिक जितक्यांदा वितळतं तितकी त्याची धक्का सोसायची ताकद कमी होते. प्रमाण वाढलं की बॉडीच्या आतल्या ज्या नळकांड्यांत स्क्रू बसतो, तिथे पहिला तडा जातो. गंमत अशी की नवा पीस हातात घेतला तर चकचकीत दिसतो. तडा पुष्कळदा दोन-तीन महिन्यांनी जातो, मोटरच्या थरथरीने, गिऱ्हाइकाच्या ओट्यावर.

माल उतरवून घेताना होणाऱ्या तपासणीत हे सापडत नाही. आयएस २५०० या नमुना तपासणीच्या भारतीय मानकातल्या तक्त्याप्रमाणे २,००० नगांच्या लॉटमधून सर्वसाधारण पातळीला १२५ नग काढायचे, खराब नगांची १ टक्क्याची मर्यादा ठेवली असेल तर ३ खराब निघेपर्यंत लॉट पास, चौथा निघाला की नापास. तक्ता उत्तम आहे, पण तो डोळ्यांना किंवा मापाला दिसणारा दोष मोजतो. वेंडरने दाण्याचा ब्रँड बदलला, मोटरमध्ये तांब्याच्या तारेच्या जागी ॲल्युमिनियमचं वाइंडिंग आलं, काम शेजारच्या गाळ्यात गेलं, तर १२५ च्या १२५ नग पास होतील. हे कळतं ते ग्राइंडरखालच्या गोणीकडे बघणाऱ्या माणसाला. नुसतं बघूनही भागत नाही. त्या गाळ्यात दिवसाला किती चुरा निघायला हवा, याचा अंदाज डोक्यात असावा लागतो. तो तुमच्या डोक्यात होता.

आता तुमच्या पत्राखाली जे गृहीतक दडलंय त्याकडे येऊ. तुम्ही धरून चालला आहात की काम बाहेर गेलं तसं काम सांभाळणंही बाहेर गेलं. साहेबांचंही तेच मत दिसतं. कायद्याचं मात्र नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादकाची जी व्याख्या आहे तिच्यात दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर स्वतःचं चिन्ह लावणाराही येतो. मिक्सर वसईत ओतला गेला आणि सिल्वासात जुळला, तरी जारचं झाकण उडून कोणाला इजा झाली तर कायद्याच्या नजरेत उत्पादक म्हणून तुमची कंपनी उभी राहते. आयएसआय चिन्हाचंही लक्षात ठेवा. परवाना वेंडरला त्या ठरावीक जागेसाठी मिळालेला असतो. ऑर्डर वाढली म्हणून शेठनी भावाच्या गाळ्यात दुसरी पाळी सुरू केली, तर तिथून निघालेल्या मालावर ते चिन्ह लावता येत नाही. हे तुमच्या कंपनीत तुमच्याशिवाय कोण बघतंय?

ऑगस्ट २००७ मध्ये मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीला चीनमध्ये बनवून घेतलेल्या सुमारे ४ लाख ३६ हजार खेळण्यातल्या गाड्या परत मागवाव्या लागल्या. वेंडरने रंगकाम पुढे दुसऱ्याला दिलं होतं आणि त्या दुसऱ्याने मंजूर रंगाऐवजी बाहेरून घेतलेला, शिसं असलेला रंग मारला. मॅटेलचा करार पहिल्याशी होता, घोटाळा दुसऱ्याकडे झाला, नाव गेलं मॅटेलचं. म्हणून करारात एक ओळ असलीच पाहिजे: लेखी परवानगीशिवाय काम पुढे द्यायचं नाही, आणि माणूस, मशीन, माल, पद्धत या चारांपैकी काहीही बदलायचं असेल तर आधी कळवायचं, नमुना मंजूर करून घ्यायचा. तुमच्या वसईच्या करारात ही ओळ आहे का ते उद्याच बघा. पुष्कळ करारांत दर, नग आणि दंड एवढंच असतं.

(बाहेरून बनवून घेणं मुंबईला नवं नाही, हेही सांगायला हवं. १९८२ च्या संपात आणि त्यानंतर कित्येक गिरण्यांनी भिवंडीच्या यंत्रमागांवरून कापड विणून घेतलं आणि त्यावर आपला छाप मारला. कापड हातात घेतल्यावर सूत कुठलं, वीण किती हे सांगणारी माणसं ज्यांनी ठेवली नाहीत, त्यांच्याकडे मग छापच उरला.)

दुसरं गृहीतक जरा नाजूक आहे. तुम्ही लिहिता, "वागळेला होते तेव्हा सगळं माझ्या हातात होतं." हाक मारली की माणूस येत होता, हे खरं. आता हाक ऐकू जात नाही. वेंडर तुमचं ऐकतो ते तीन गोष्टींमुळे: करारात काय लिहिलंय, त्याच्या गाळ्यात काय चाललंय ते तुम्हाला किती कळतं आणि त्याचे पैसे किती वेळेवर जातात. यातली पहिली गोष्ट कायदा खात्याकडे, तिसरी फायनान्सकडे आणि दुसरी एकट्या तुमच्याकडे, अशी तुमच्या कंपनीत वाटणी झालेली दिसते. फोनवर फोन करावे लागतात ते त्यामुळे.

साहेबांशी बोलायचं तर त्यांच्या भाषेत, रुपयांत बोला. एक गणित देते, त्यात तुमचे आकडे घाला. समजा एक मॉडेल रोज सरासरी २०० विकलं जातं आणि रोजचा चढउतार ६० चा आहे. ऑर्डर दिल्यापासून माल भिवंडीत लागेपर्यंत, म्हणजे लीड टाइम, सरासरी २५ दिवस जातात, पण त्यात पुढेमागे ६ दिवस होतात. शंभरातल्या ९५ वेळा माल कमी पडू नये असं ठरवलं, तर राखीव साठा असा निघतो: विक्रीच्या चढउताराचा वर्ग गुणिले लीड टाइम, त्यात मिळवायचा रोजच्या विक्रीचा वर्ग गुणिले लीड टाइमच्या चढउताराचा वर्ग. बेरजेचं वर्गमूळ काढून १.६५ ने गुणायचं. उत्तर येतं २,०४१ मिक्सर.

आता विक्रीचा अंदाज दुप्पट चांगला करा, ६० चा चढउतार ३० वर आणा. साठा लागतो १,९९५. वाचले फक्त ४६ नग. त्याऐवजी विक्रीला हात न लावता वेंडरची अनिश्चितता ६ दिवसांवरून २ दिवसांवर आणा. साठा उतरतो ८२५ वर. १,२१६ मिक्सर गोडाऊनमध्ये ठेवायची गरज उरली नाही. नगामागे १,८०० रुपये धरले तर एका मॉडेलमागे जवळजवळ २२ लाख रुपये मोकळे झाले. वेंडरने २५ चे २० दिवस करावेत म्हणून सगळे भांडतात. २५ चे २५ च राहू देत, पण २५ म्हणजे २५ असू देत, यातच जास्त पैसा आहे. आणि ते घडवून आणणारं खातं साहेबांना फोन करणारं खातं वाटतंय.

सूत्राचा एक कच्चा दुवाही सांगून ठेवते, नाहीतर साहेबच दाखवतील. ते रोजची विक्री एकमेकींपासून स्वतंत्र धरतं. दिवाळीच्या आधीचे सहा आठवडे तसे नसतात. तेवढ्या काळासाठी साठा वेगळा, हाताने ठरवा.

मग ते ६ दिवस येतात कुठून? इथे थोडं रेंगाळावं लागेल.

पहिला संशय थकलेल्या बिलांवर घ्या. वसईच्या वेंडरकडे तीन ब्रँडचे मोल्ड असतात आणि मशीनं मर्यादित. कोणाचा मोल्ड आधी चढणार? ज्याचे पैसे आले त्याचा. तुमचं बिल ७० दिवस लोंबतंय आणि तुम्ही फोनवर विनवताय, तर समोरचा "उद्या चढवतो मॅडम" म्हणणार आणि उद्याही तेच म्हणणार. यात साहेबांचा स्वतःचा तोटा किती, तो कागदावर मांडा. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असलेल्या पुरवठादाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, २००६ च्या एमएसएमई कायद्याने. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ, आणि त्या व्याजाची आयकरात वजावट नाही. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने भर घातली: मुदतीत न दिलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी खर्चात धरता येते. मार्चअखेर थकवलेलं बिल म्हणजे त्या वर्षीचा जादा कर. लघु उद्योगाची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून १०० कोटींची उलाढाल आणि २५ कोटींची गुंतवणूक अशी वाढली आहे, त्यामुळे काल या यादीत नसलेले वेंडरही आज असू शकतात. त्यांची उद्यम प्रमाणपत्रं (या नोंदणीची) नव्याने मागवा.

दुसरं कारण बहुधा तुमच्याच इमारतीत बसतं. मार्केटिंगने लाल रंगाचे ३,००० मिक्सर मागितले, वेंडरने लाल मास्टरबॅच (प्लास्टिकला रंग देणारा दाणा) घेतला, खोके छापले, आणि तिसऱ्या आठवड्यात कळलं की लाल नको, मरून हवा. खोक्यावरची किंमतही बदलली. वेंडर पुढच्या वेळी तुमच्या अंदाजावर काही घेतच नाही, पक्की ऑर्डर येईपर्यंत हात बांधून बसतो आणि आठ दिवस तिथेच जातात. त्याला दोष देता येणार नाही. यावर उपाय म्हणजे १२ आठवड्यांचा पुढे सरकणारा अंदाज: पहिले ४ आठवडे पक्के, अक्षर बदलणार नाही. पुढच्या ४ मध्ये २० टक्के इकडेतिकडे चालेल. शेवटचे ४ नुसते दिशा दाखवायला. पहिल्या आठ आठवड्यांसाठी घेतलेला खास माल उरला तर पैसे कोण देणार, ते लिहून ठेवा. मार्केटिंगची सही घ्या. ही सही मिळवणं वेंडरशी भांडण्यापेक्षा अवघड जातं, पण फळ इथेच आहे.

तिसरं कारण पंचांग. वेंडरची सुट्टी शुक्रवारी आणि तुमची रविवारी असेल तर आठवड्यातले दोन दिवस अर्धेच चालतात. गणपतीत मशीनवर मोल्ड बसवणारा कोकणातला सेटर गावी जातो. दिवाळीला गेलेले उत्तरेकडचे कामगार छठ करूनच परततात, होळीला गेलेले कधीकधी लग्नसराई आटोपून. जुलैत वसईत पाणी भरतं, घोडबंदर रस्ता तुंबतो. दरवर्षी हे ठरल्यासारखं होतं आणि दरवर्षी ऑर्डर मात्र असं काही होणारच नाही अशा थाटात सुटते. वर्षाचं कॅलेंडर घ्या, प्रत्येक वेंडरचे पडते दिवस खुणा करून ठेवा आणि त्याआधीच्या पंधरवड्यात मागणी चढवा.

मोल्डचं पत्रात काहीच नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. वागळेचा कारखाना मोडला तेव्हा मोल्ड वसईला गेले असणार. कोणत्या कागदावर? आजच्या आज एक वही करा: मोल्डचा नंबर, कुठल्या वेंडरकडे, किती कॅव्हिटी (एका शॉटमध्ये किती नग निघतात), आजवर किती शॉट, शेवटची दुरुस्ती कधी, विमा कोणाच्या नावाने, फोटो. प्रत्येक मोल्डवर "मालमत्ता" म्हणून कंपनीच्या नावाची पाटी ठोका. कागद चिकटवू नका, तो तेलात सुटतो. करारात लिहा की नोटिशीनंतर अमुक दिवसांत मोल्ड उचलता येईल, बिलाचा वाद चालू असला तरी. ही ओळ नसेल तर बिघडल्यावर वेंडर मोल्ड अडवून धरतो, आणि तुम्ही दुसरा वेंडर शोधलात तरी त्याला ओतायला द्यायला काही नसतं. सिल्वासाला मोटर तुमची कंपनी स्वतः घेऊन जॉब वर्कवर, म्हणजे माल आपला आणि मजुरी त्यांची अशा कामाला, पाठवत असेल तर जीएसटीत ती एका वर्षाच्या आत परत यावी किंवा तिथूनच विकली जावी लागते, नाहीतर पाठवली त्या तारखेलाच विक्री झाली असं धरून कर लागतो. मोल्ड, डाय, जिग अशा साच्या-अवजारांना मुदतीचं हे बंधन नाही, पण माल पाठवल्याचं डिलिव्हरी चलन हवंच. आणि सिल्वासा महाराष्ट्राबाहेर आहे, त्यामुळे जॉब वर्कच्या मालाला ई-वे बिल (जीएसटीतला वाहतुकीचा कागद) किंमत कितीही कमी असली तरी लागतं. ५० हजारांची मर्यादा इथे धरू नका. एखादा ड्रायव्हर याच कारणाने हद्दीवर अडकतो आणि तुमचे दोन दिवस त्यात जातात.

भिवंडीचं थोडक्यात. लॉजिस्टिक्सवाल्याच्या रिपोर्टमध्ये "साठा अचूकता ९९ टक्के" असं येत असेल तर ती कशी मोजली ते विचारा. सगळे नग मिळून बेरीज जुळली की ९९ येतात. मॉडेल आणि रॅकप्रमाणे मोजलं की खरा आकडा दिसतो. दर आठवड्याला कुठलेही ३० रॅक तुमच्या माणसाने निवडून मोजावेत, त्याच्या नाही. पावसात खालचा थर जमिनीला टेकू देऊ नका. ओल धरलेल्या खोक्याची वजन पेलायची ताकद जाते आणि सहा खोक्यांचा थर तिरपा होतो. महिन्याच्या शेवटच्या पाच दिवसांत अर्धा माल निघत असेल तर त्या दिवसांत ट्रकचं भाडं वाढणार, ओव्हरटाइम लागणार, चुकीचे खोकेही तेव्हाच जाणार. हा रोग विक्री खात्याच्या टार्गेटचा आहे, गोडाऊनवाल्याला झापून बरा होत नाही. आणि १९६९ च्या माथाडी कायद्याप्रमाणे हमालीची लेव्ही कोण भरणार हे करारात स्पष्ट ठेवा. तो वाद पेटला की गाडी दारात उभी राहते, आणि तिच्यात माल तुमचा असतो.

फोनबद्दल एक जुनी गोष्ट, कारण फोन करणं हे हलकं काम आहे असं मी सुचवतेय असं वाटायला नको. १७ मार्च २००० रोजी अमेरिकेत अल्बुकर्कीला फिलिप्सच्या चिपच्या कारखान्यात वीज पडून आग लागली. दहा मिनिटांत विझली. दोन मोठे ग्राहक होते, नोकिया आणि एरिक्सन. दोघांनाही सुरुवातीला थोडाच उशीर होईल असं कळवलं गेलं. नोकियाने ते भाग खास लक्ष ठेवायच्या यादीत टाकले, रोज चौकशी केली, वरपर्यंत बातमी नेली आणि दुसरीकडून चिप जमवल्या. एरिक्सनमध्ये ती बातमी खालच्याच पातळीवर पडून राहिली आणि त्यांच्याकडे दुसरा पुरवठादार नव्हता. नुकसान सुमारे ४० कोटी डॉलर. फोन दोघांनीही घेतला होता. पुढे काय करायचं हे एकालाच ठाऊक होतं.

तर आधी दोन आठवडे एक वही ठेवा. प्रत्येक फोनपुढे एक अक्षर: "चौ" म्हणजे नुसती चौकशी, "नि" म्हणजे निर्णय घेतला, "अ" म्हणजे अडवलं किंवा वाचवलं. पुढे रुपये. "चौ" ची सगळी कामं शीटवर, जीपीएसवर किंवा तुमच्या तिघांपैकी सगळ्यात नव्या मुलावर ढकला. "नि" आणि "अ" घेऊन साहेबांकडे जा, बैठकीत नाही, एकट्याने. जूनचे दोन हजार पीस त्यात पहिले. ते बाजारात गेले असते तर सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या, नवी बॉडी आणि परत येण्या-जाण्याचं भाडं धरून किती खर्च झाला असता ते तुमच्या सर्व्हिस खात्याकडून काढून घ्या, अंदाजाने बोलू नका.

मग तीन गोष्टी मागा: माल अडवायचा लेखी अधिकार, वेंडरची बिलं कोणत्या क्रमाने सुटणार त्यात शब्द, आणि वेंडर किंवा दर बदलण्याआधी तुमची सही. हे तिसरं सोडू नका. वसईच्या शेठनी चुरा का वाढवला असेल, याचा विचार केलात का? त्याआधी तुमच्या खरेदीवाल्याने नगामागे दोन-तीन रुपये पिळून काढले नव्हते ना, ते तपासा. काढले असतील तर तो तडा तुमच्या अंधेरीच्या ऑफिसात पडला आणि वसईत दिसला.

सहा महिने द्या. तिन्ही गोष्टी नाकारल्या गेल्या, किंवा हो म्हणून एकही हातात आली नाही, तर मात्र तुमचं पद खरंच फोनचं आहे आणि बाहेर बघायला हरकत नाही. बाहेर म्हणजे फक्त वसई नव्हे. औषधं, सौंदर्यप्रसाधनं, तयार कपडे, सगळ्याच धंद्यांत मुंबईतल्या कंपन्या बनवून घेतात, आणि वेंडरच्या गाळ्यात उभं राहून काय चुकतंय ते सांगणारी माणसं कमी आहेत. बायोडेटात "१४ जणांची टीम सांभाळली" हे खाली न्या आणि अडवलेले पीस, उतरवलेला साठा वर आणा.

आता वसईच्या देकाराबद्दल. मला तो नाकारावासा वाटतो, पण आंधळेपणाने नाही. शेठ तुम्हाला का बोलावतायत ते बघा. बॉडीचं वजन किती ग्रॅम, एक शॉट किती सेकंदांत निघतो, मशीनचा तासाचा दर किती लावला होता, हे तुम्हाला पाठ आहे. समजा मशीन ताशी ४८० रुपये. शॉट ६० सेकंदांचा तर नगामागे ८ रुपये, ७५ सेकंदांचा दाखवला तर १० रुपये. महिन्याला ६,००० नगांवर हे १२ हजार रुपये झाले, एका भागाचे. आज हा फरक पकडणारी बाई टेबलाच्या त्या बाजूला आहे. ती या बाजूला आली की पकडणारं कोणी उरत नाही. पगारातली पाव पट वाढ कदाचित त्यातूनच निघते.

तरीही जावंसं वाटलं तर चार प्रश्न विचारा. तुमच्या सध्याच्या कंपनीचं काम शेठच्या एकूण धंद्यात किती टक्के? निम्म्याहून जास्त असेल तर नोकरी बदलूनही तुमचं भवितव्य त्याच फायनान्सच्या साहेबांच्या हातात राहील. शेठचा मुलगा धंद्यात आहे का, आणि प्लांट हेडचा शब्द त्याच्यावर चालणार का? मशीनवर माणूस ठेवायचा, काढायचा अधिकार तुमचा की शेठचा? आणि रोजचं मुलुंड ते वसई कसं करणार: दादरला गाडी बदलून की घोडबंदरच्या गर्दीतून? मुलगी बारावीत असताना हा प्रश्न पगाराएवढाच मोठा आहे.

नेमणूकपत्र काढून बघा. नोकरी सोडल्यावर अमुक ठिकाणी जाऊ नये, अशी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही, पण कंपनीचे दर, नकाशे आणि आकडे गुप्त ठेवायची अट टिकते. आणि निर्णय होईपर्यंत वसईच्या दराच्या बोलणीत बसू नका. वरिष्ठांना एका ओळीत कळवा की तिथून विचारणा झाली आहे म्हणून या वाटाघाटीतून मला वगळा. हे कळवलंत तर उद्या कोणी बोट दाखवू शकणार नाही. शिवाय वसईचे शेठ तुम्हाला पाव पट जास्त द्यायला तयार आहेत, हे साहेबांच्या कानावर तुम्ही न सुनावता जाईल.

शेठना उत्तर द्यायला प्रत्यक्ष जा, फोनवर नको. जाण्याआधी त्यांची किती बिलं ४५ दिवसांच्या पुढे गेली आहेत ती यादी काढून घ्या, आणि तिथे पोचल्यावर शेठच्या केबिनमध्ये शिरण्याआधी ग्राइंडरखालची गोणी बघून या.